ठाण्याच्या खाडीकांठचें ख्रिस्ती विवाहगायन : परंपरा कोणती?

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावर, मुलुंडच्या समोर, ऐरोली हें गांव आहे. मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची, भातशेती व मासेमारी यांवर जगणारी. इ. स. १९७० मध्यें सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईची आंखणी झाली, आणि पुढें या गांवाला शहराचें रूप आलें. अशा नव्या वसाहतींत इतिहाससंशोधकाला काय मिळणार, असा प्रश्न मित्रमंडळी आम्हांस वारंवार करतात. त्याचें उत्तर एका लहानशा घरगुती प्रसंगापासून देण्याचा येथें विचार आहे.

आमच्या शेजारीं वसईकडून आलेलें एक कॅथलिक कुटुंब राहतें. त्या घरच्या मुलाचें लग्न ठरलें तेव्हां तो एका सायंकाळीं एक टिपण घेऊन आमच्याकडे आला. तो आमचा जुना विद्यार्थी. लग्नाच्या मिस्सेंत कोणतें गायन-वादन व्हावें त्याची ती यादी होती, आणि वर ‘केवळ परंपरागत पवित्र संगीत’ असा मथळा होता. घरांत मात्र या मथळ्यावरूनच वाद माजला होता. मुलाच्या आजीचें म्हणणें, आपल्याकडच्या ओव्या लग्नांत झाल्याच पाहिजेत. तरुण मंडळींचें म्हणणें, ओव्या हें खेडवळ गाणें, चर्चच्या परंपरेंत त्यांना स्थान नाहीं. आजीबाई रुसून बसल्या होत्या. ‘सर, परंपरागत म्हणजे नक्की काय, तेवढें तुम्ही सांगा,’ असें तो म्हणाला. आम्ही पडलों संस्कृतचे मास्तर. ख्रिस्ती उपासनेंत काय करावें हें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु शब्दाचा अर्थ व वस्तूचा काळ ठरविणें हें आमच्या मंडळाचें नित्याचेंच काम आहे. तेवढ्यापुरता विचार करण्याचें आम्हीं कबूल केलें. त्याचें फलित वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम यादीचा काळ पाहूं. तींत चार रचना मुख्य होत्या. वधूच्या प्रवेशासाठीं रिचर्ड वॅग्नर याचें वधूगीत घेतलें होतें. हें ‘लोहेनग्रीन’ नांवाच्या संगीत नाटकांतील समूहगीत होय. तें नाटक वायमार येथें इ. स. १८५० मध्यें प्रथम रंगभूमीवर आलें. नाटकांत हें गीत विवाहविधीच्या वेळीं मुळींच नाहीं. विधि उरकल्यावर वधूवरांना शयनगृहाकडे नेतांना तें म्हटलें जातें, आणि त्याच अंकांत वधू निषिद्ध प्रश्न विचारते व वर तिला सोडून निघून जातो. मंगलकार्याला हा शकुन कसा, तें ज्याचें त्यानें ठरवावें. मिस्सा संपल्यावर वाजवावयाचा ‘वेडिंग मार्च’ फेलिक्स मेंडेलसोन याचा. तो शेक्सपीअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकासाठीं १८४२ मध्यें रचला गेला. व्हिक्टोरिया राणीच्या वडील कन्येच्या लग्नांत १८५८ सालीं तो वाजला, आणि राजघराण्याचें अनुकरण करणाऱ्या समाजांत सर्वत्र पसरला. तिसरी रचना शूबर्टची ‘आवे मारिया’. ती १८२५ ची, स्कॉटच्या ‘द लेडी ऑफ द लेक’ या काव्यांतील एका नायिकेच्या प्रार्थनेला दिलेली चाल. चर्चमधील लॅटिन प्रार्थनेचे शब्द त्या चालीवर मागाहून बसविण्यांत आले. चौथी गूनोची ‘आवे मारिया’. तिच्याखालीं बाखचें १७२२ मधील वाद्यसंगीत आहे, पण वरची चाल एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची.

या चारही रचनांच्या सौंदर्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु त्यांपैकीं दोन नाट्यगृहांतून आल्या, एक काव्याच्या पुस्तकावरून आली, आणि चौथी एका वाद्यरचनेवर रचलेली आहे. आज वापरांत असलेल्या रूपांत एकीचेंही वय दोनशें वर्षांहून फारसें अधिक नाहीं. इतकेंच नव्हे, तर पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं पवित्र संगीताविषयीं जें आज्ञापत्र काढलें त्यांत ग्रेगोरियन गायन हा आदर्श ठरवून, त्याखालोखाल पालेस्ट्रीना (मृत्यु १५९४) याच्या काळच्या बहुस्वरी गायनाला मान दिला, आणि नाटकी ढंगाचें संगीत चर्चमधून वर्ज्य केलें. म्हणजे यादी करणाऱ्यानें ज्यांना परंपरागत म्हटलें त्यांपैकीं निदान दोन रचना परंपरेच्या रक्षकांनींच दाराबाहेर ठेविल्या होत्या. जें आपल्या आजोबांच्या लग्नांत ऐकलें तें अनादि वाटतें. हा दोष कोणा एका समाजाचा नव्हे.

मग परंपरागत तें कोणतें? येथें आपल्याकडील विवाहविधीचा दाखला उपयोगी पडेल. आपल्या लग्नांत ध्वनीच्या तीन पायऱ्या आहेत. लाजाहोम व सप्तपदी यांचे मंत्र ही पहिली. त्यांतील अक्षर बदलत नाहीं. मंगलाष्टकें ही दुसरी. तीं दर लग्नाला नवीं रचलीं तरी चालतात, वृत्त तेवढें बहुधा शार्दूलविक्रीडित. तिसरी पायरी बायकांच्या ओव्यांची; घाणा भरतांना, हळद दळतांना, वरात निघतांना त्या गाइल्या जातात. तिन्ही परंपरागत, पण तिघींची जागा वेगळी. मंगलाष्टकाला कोणी मंत्र म्हणत नाहीं, आणि मंत्र आहेत म्हणून कोणी जात्यावरची ओवी बंद करीत नाहीं.

कॅथलिक विवाहाच्या मिस्सेंतही अशाच पायऱ्या आहेत. दयायाचना, महिमागान, ‘पवित्र’ व ‘देवाचें कोंकरूं’ हीं गायनें पुष्कळ मिस्सांना समान. तीं विवाहाचीं म्हणून वेगळीं नसतात. दुसरीं पदें त्या त्या प्रसंगाचीं. रोम येथें १५७० मध्यें प्रसिद्ध झालेल्या मिस्साग्रंथांत वधूवरांच्या मिस्सेसाठीं तीं नेमून दिलीं आहेत. प्रवेशाचें पद तोबीताच्या पुस्तकांतून, म्हणजे तोबियास व सारा यांच्या विवाहकथेंतून घेतलें आहे. वाचनानंतरचें पद व ख्रिस्तप्रसाद घेतांनाचें पद हीं दोन्ही बायबलांतील १२८ व्या स्तोत्रांतून येतात. लॅटिन बायबलांत त्याचाच अनुक्रमांक १२७ आहे. हा पाठभेद नसून गणनाभेद होय, हें पोथ्या चाळणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. त्या स्तोत्रांत पत्नीला द्राक्षवेलीची व मुलांना ऑलिव्हच्या रोपांची उपमा आहे. वृक्ष व लता यांच्या उपमांवर वाढलेल्या आमच्यासारख्या संस्कृताच्या अभ्यासकाला तींत परकें कांहींच वाटलें नाहीं. आश्चर्य याचें कीं, विवाहाच्या मिस्सेचें जें खरोखर प्राचीन व स्वतःचें असें पद, तेंच आमच्या विद्यार्थ्याच्या यादींत नव्हतें.

आतां स्थळाकडे वळूं. ही मिस्सा खाडीच्या परिसरांत केव्हांपासून गाइली जाते? सहाव्या शतकांतील ग्रीक लेखक कॉस्मस यानें ‘कल्याणा’ येथें इराणांतून नेमलेला बिशप असल्याचें नमूद केलें आहे. हें स्थळ म्हणजे आपलें कल्याण, असें बहुतेक विद्वान मानतात. त्यानंतर इ. स. १३२१ मध्यें तोलेंतीनोचा थॉमस व त्याचे तीन सोबती ठाण्यांत उतरले. तेथें नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं, असें ओडोरिक या प्रवाशाच्या वृत्तांतावरून कळतें. पाहुणे ज्या घरीं उतरले त्या घरांत नवराबायकोचें भांडण झालें. बायको काजीकडे फिर्याद घेऊन गेली. साक्षीसाठीं या परदेशी साधूंचें नांव निघालें, आणि धर्मचर्चेचा शेवट त्या चौघांच्या वधांत झाला. ठाण्याच्या लॅटिन ख्रिस्ती इतिहासाचें पहिलें पान असें एका बिघडलेल्या संसारानें उघडतें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें निराळेंच. घरवाल्यांच्या उपासनेची भाषा सिरियाक होती, पाहुण्यांच्या उपासनेची लॅटिन. खाडीकांठीं ख्रिस्ती परंपरा आरंभापासूनच एकेरी नव्हती.

इ. स. १५३४ मध्यें गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांना दिली, आणि वसई, साष्टी व ठाणें या टापूंत चर्चें उभीं राहिलीं. पोर्तुगीज अमलांत चर्चला जोडून मुलांच्या शाळा असत. त्यांत प्रार्थनेबरोबर स्वरलिपि व गायन शिकवीत. गोव्यांत या शिक्षकाला ‘मेस्त’ म्हणत, आणि व्हायोलिन तेथील खेडोपाडीं पोंचलें तें या शाळांमुळें. पुढें मराठ्यांनीं १७३७ मध्यें ठाणें व १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखालीं वसई घेतली. तेथील चर्चांच्या घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर गेल्या, ही गोष्ट आपल्या वाचकांस नवी नाहीं. मेणवलीच्या घाटावरील १७०७ सालची घंटा कित्येकांनीं स्वतः वाजवून पाहिली असेल. परंतु घंटा गेल्या म्हणून गायन थांबलें नाहीं. आंकतील द्युपेराँ हा फ्रेंच पंडित १७६० सालीं साष्टींतून फिरला, तेव्हां मराठ्यांच्या राज्यांत ख्रिस्ती लोक आपला धर्म मोकळेपणें पाळतांना त्यास आढळले.

येथें मराठी भाषेचा धागा हातीं घेतला पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्युइट १५७९ मध्यें गोव्यांत आला व १६१९ मध्यें वारला. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें रायतूर येथें रोमी लिपींत छापलें गेलें. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा हा ग्रंथ १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां छापला गेला. परंतु त्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांवरून तो तरला. सालढाणा यांची मंगळूरची आवृत्ति १९०७ ची, व बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति पुण्याची, १९५६ ची. स्टीफन्सची साष्टी ती गोव्याची. आपल्या ठाण्याच्या साष्टीशीं तिचा घोटाळा अनेकदां झालेला आहे. परंतु उत्तर कोंकणासही स्वतःचें पुराण आहे. फ्रांसिश्कु वाज द गिमाराइंश या फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मगुरूनें या भागाच्या मराठींत ख्रिस्ताच्या दुःखसहनावर ओवीबद्ध पुराण रचलें. तें १६५९ मध्यें लिस्बनला छापलें गेलें आणि १८४५ मध्यें मुंबईंत पुन्हां निघालें. दोन शतकांनंतर पुस्तक पुन्हां छापावेंसें वाटलें, याचा अर्थ तें कोणाच्या तरी तोंडीं जिवंत होतें.

तेव्हां ओवी ही ख्रिस्ती उपासनेला परकी, हें म्हणणें टिकत नाहीं. वॅग्नरच्या जन्मापूर्वीं जवळजवळ दोनशें वर्षें ख्रिस्ताची कथा ओवींत बांधली गेली होती. पण येथेंच एक मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीं तर आजीबाईंची बाजू घेतल्याचा आरोप आमच्यावर येईल. हीं पुराणें मिस्सेच्या विधीचा भाग नव्हतीं. तीं वाचण्या-गाण्याचा प्रसंग विधीबाहेरचा. विधि लॅटिनमध्येंच चाले. जुनें म्हणून तें विधींतलें, असें अनुमान काढतां येत नाहीं.

बायकांच्या लग्नांतील ओव्यांची कथा आणखी बिकट आहे. गोव्याच्या इन्क्विझिशननें १४ एप्रिल १७३६ रोजीं एक जाहीरनामा काढला. अ. का. प्रियोळकर यांनीं इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ च्या ग्रंथांत त्याचा परामर्श घेतला आहे. नव्या ख्रिस्ती लोकांनीं लग्नप्रसंगीं हिंदूंचीं वाद्यें वाजवूं नयेत, ओव्या म्हणून ओळखलीं जाणारीं गाणीं उघडपणें किंवा घरांत म्हणूं नयेत, असे त्यांत निर्बंध होते. हे जुन्या धर्माचे अवशेष होत व त्यांतून माणसें मागें वळतील, अशी काढणाऱ्यांची समजूत होती. ज्या छंदांत १६१६ मध्यें ख्रिस्ताचें चरित्र छापलें गेलें, तोच छंद एकशेंवीस वर्षांनीं नवरीच्या आईच्या तोंडीं गुन्हा ठरला. पुढें तीनच वर्षांनीं वसई पडली आणि उत्तर कोंकणांतील मराठ्यांच्या मुलुखांत इन्क्विझिशनचा हुकूम चालण्याची सोय राहिली नाहीं. वसई-ठाण्याकडे ओव्या टिकल्या त्या केवळ यामुळें, असें आम्ही म्हणत नाहीं; बायकांचीं गाणीं हुकुमानें सहसा मरत नाहींत, आणि गोव्यांतही तीं मेलीं नाहींत. परंतु हा कालक्रम संशोधकानें नजरेआड करूं नये.

या जाहीरनाम्याला चर्चचा जुना कायदा तरी अनुकूल होता काय? आमच्या मतें नव्हता. त्रेंत येथील धर्मसभेनें १५६३ मध्यें विवाहाविषयीं जो ठराव केला, त्याच्या योगानें धर्मगुरू व साक्षीदार यांच्यापुढें विवाह होणें आवश्यक झालें. त्याच ठरावांत, ज्या प्रांतांत याशिवाय इतर स्तुत्य चालीरीति असतील त्या अवश्य राखाव्या, अशी स्पष्ट इच्छा व्यक्त केली आहे. हें वाचतांना आम्हांस आश्वलायनाच्या गृह्यसूत्राची आठवण झाली. विवाहप्रकरणाच्या आरंभींच तो म्हणतो कीं, जनपदांचे व गांवांचे धर्म नानाविध आहेत, ते विवाहांत पाळावे. जें सर्वांस समान तेवढें आपण सांगूं. एक सूत्रकार आणि एक धर्मसभा, दोघांत दोन हजार वर्षांच्या आसपासचें अंतर, एकमेकांची वार्ताही नाहीं. आणि लग्नाच्या बाबतींत दोघांनीं एकच शहाणपण सांगावें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. विधीचा गाभा एक राहावा. त्याभोंवतीं देशाचार नांदावा.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयीं जो दस्तऐवज मंजूर केला, त्यांत त्रेंतच्या या वाक्याचा पुनरुच्चार आहे. ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान व ऑर्गनला मान हें त्यांत कायम आहे. शिवाय ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे त्यांच्या उपासनेंत तिला योग्य जागा द्यावी, असेंही आहे. सुधारलेला विवाहविधि १९६९ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि लोकभाषेंतून स्तोत्रें म्हणण्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे १२८ वें स्तोत्र मराठींत, ओवीच्या चालीवर, वाचनानंतरच्या त्याच्या मूळ जागीं गाइलें, तर तें नवेंही आहे आणि सर्वांत जुनेंही आहे.

इतका विचार झाल्यावर आम्हीं आमच्या विद्यार्थ्याला पुढीलप्रमाणें लिहून दिलें. मिस्सेचीं नित्य गायनें लॅटिन चालींवर म्हणणारा वृंद असेल तर तीं तशींच ठेवावीं. मंडळींनाही त्यांत सूर मिळवितां आला पाहिजे. स्तोत्र १२८ वें, मराठींत. अर्पणाच्या व ख्रिस्तप्रसादाच्या वेळीं शब्द त्या विधीला जुळणारे आहेत कीं नाहींत हें आधीं पाहावें, चालीची गोडी नंतर. वॅग्नर व मेंडेलसोन यांना भोजनाच्या मंडपांत मानाची जागा द्यावी. नाटकांतील संगीताला उत्सव शोभतो. आणि आजीच्या ओव्या मिस्सेंत ओढून आणूं नयेत. त्यांची जागा लग्नाच्या आदल्या दिवसाची, उंबराच्या पाण्याची व हळदीची. तेथें त्या पूर्णपणें, एकही गाळल्याशिवाय, व्हाव्या. तेथें त्यांना दुसरें कोणतेंही संगीत हटवूं शकत नाहीं. अखेरचा निर्णय अर्थातच त्यांच्या धर्मगुरूंचा.

धर्मगुरूंनीं दोन फेरफार करून हें मान्य केलें. वधूपक्षाच्या आग्रहास्तव शूबर्टची रचना राहिली, आणि तिला आमचाही विरोध नव्हता. लग्नाच्या आदल्या सायंकाळीं विहिरीऐवजीं इमारतीच्या अंगणांतील नळावर पाणी भरावें लागलें, तरी आजीबाईंनीं अडीच तास ओव्या म्हटल्या. तिसऱ्या पिढींतील मुलींना शब्द येत नव्हते. त्या फक्त शेवटचा सूर धरीत होत्या. आम्ही वही घेऊन बसलों होतों. सोळा ओव्या उतरल्या, आणि मग आमचा हात थकला. आजीबाईंचा गळा थकला नाहीं. उरलेल्या ओव्या पुन्हां केव्हां तरी घेऊं, असें ठरलें आहे. त्यांचें वय शहाऐंशी आहे, हें लिहितांना आमच्या मनांत जें येतें तें वाचकांच्याही मनांत आल्यावांचून राहणार नाहीं.

म्हणून आपल्या संग्राहक बंधूंस एक विनंती करून हा लेख संपवितों. आपण बखरी, सनदा व पोथ्या यांच्यासाठीं गांवोगांव हिंडतों. वसई, उत्तन, ठाणें, साष्टी या भागांत जातांना ख्रिस्ती घरांच्या फडताळांतील जुन्या वह्याही पाहाव्या. लॅटिन गायनाच्या हातीं उतरलेल्या वह्या, रोमी लिपींतील मराठी प्रार्थना, उपासकाळांत म्हणावयाच्या पुराणाचीं सुटीं पानें, लग्नांतील ओव्यांचीं बाडें, यांपैकीं जें मिळेल त्याची निदान छायाप्रत मंडळाच्या दफ्तरीं यावी. लिपि रोमी दिसली म्हणून तो कागद पोर्तुगीज समजून बाजूस टाकूं नये. मोठ्यानें वाचून पाहावा. पुष्कळदां तो मराठी निघतो. आणि जेथें कागद नाहीं तेथें म्हातारीं माणसें आहेत. त्यांच्याकडे आधीं जावें.